ग्लासभर पाण्यातली विश्वाची पहिली वीस मिनिटे

खडकवासल्याहून आलेले नळाचे पाणी ग्लासात भरून समोर ठेवले, तर त्या एकाच पाण्यातील घटकांची वये सारखी नसतात. त्यातला ऑक्सिजन कधीकाळी जळून संपलेल्या मोठ्या ताऱ्यांच्या पोटात तयार झाला आहे. हायड्रोजनच्या केंद्रातील प्रोटॉन मात्र विश्वाच्या पहिल्या सेकंदाच्याही आतले, म्हणजे सुमारे १३८० कोटी वर्षांचे आहेत. या हायड्रोजनचा एक अगदी लहानसा अंश, २०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ७ मिलिग्रॅम, हा ‘जड हायड्रोजन’ असतो आणि त्याच्या केंद्रात प्रोटॉनच्या जोडीला एक न्यूट्रॉन असतो. ताऱ्यांच्या गाभ्यात असा जड हायड्रोजन क्षणभर तयार झाला, तरी तो लगेच जळून जातो आणि शिल्लक राहत नाही. आपल्या ग्लासातला जड हायड्रोजन जवळजवळ सगळाच विश्वाच्या पहिल्या वीस मिनिटांत घडलेला आहे.

हे इतक्या ठामपणे कसे सांगता येते, हा प्रश्न रास्त आहे. जुलै २०२२ मध्ये अवकाशातील जेम्स वेब दुर्बिणीची पहिली छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून ‘महास्फोटाचा सिद्धान्त (विश्व अतिशय दाट, तप्त अवस्थेतून पसरत आले हा सिद्धान्त) कोसळला’ अशा आशयाचे संदेश मोबाइलवर अधूनमधून फिरत असतात. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्ताने, पुणे विद्यापीठाच्या आवारातील आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहायला लोक गर्दी करतात, तेव्हा त्या रांगेतही हाच विषय निघतो. त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो, की जिनिव्हाजवळ जमिनीखाली कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्राचा विश्वाच्या जन्माशी संबंध काय. माझ्या मते पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आहे. आकाश पाहणारे आणि कण फोडणारे असे दोन गट, एकमेकांची उपकरणे न वापरता, एकाच आकड्यापर्यंत पोहोचले, आणि विश्वाच्या आरंभाच्या कथेवर विश्वास ठेवण्याचे त्याहून भक्कम कारण मला दुसरे दिसत नाही. तो आकडा आहे तीन, न्यूट्रिनो नावाच्या कणांच्या जातींचा. त्यापर्यंत जाण्यासाठी थोडी तयारी करावी लागेल.

## दोन शास्त्रे, एकच तापमान

द्रव्याचे सर्वांत मूलभूत घटक कोणते आणि त्यांच्यात कोणती बले काम करतात, हे शोधणारे शास्त्र म्हणजे कणभौतिकी. तारे, दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड समूह) आणि एकूण विश्व यांचे वर्तन भौतिकीच्या नियमांनी समजून घेणारे शास्त्र म्हणजे खगोलभौतिकी. या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे तापमान. सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, कारण हवा दाबली की ती तापते. उलट, पसरू दिली की ती निवते. १९२७ मध्ये जॉर्ज लेमैत्र यांनी गणिताच्या व उपलब्ध निरीक्षणांच्या आधारे आणि १९२९ मध्ये एडविन हबल यांनी अधिक निरीक्षणांनिशी दाखवले, की दीर्घिका परस्परांपासून दूर जात आहेत, म्हणजेच विश्व पसरत आहे. पसरणारे विश्व निवत असते. मग काळात मागे जाऊ तसे ते अधिक दाटलेले आणि अधिक तप्त असणार.

तापमान म्हणजे कणांच्या हालचालीची तीव्रता. एक सेकंद वयाच्या विश्वाचे तापमान सुमारे १००० कोटी अंश होते, याचा अर्थ त्यातले कण एका विशिष्ट ऊर्जेने एकमेकांवर आदळत होते. त्या ऊर्जेच्या, आणि तिच्या कितीतरी पट अधिक ऊर्जेच्या, टकरी प्रयोगशाळेत घडवून मोजता येतात. जिनिव्हाजवळील २७ किलोमीटर घेराच्या यंत्रात ‘छोटा महास्फोट’ घडवला जातो असे वर्तमानपत्रांत छापून येते, ते अचूक नाही. तिथे विश्व जन्माला घातले जात नाही. त्या वेळच्या तापमानाला द्रव्य कसे वागते, एवढेच तिथे पाहिले जाते, आणि आपल्याला तेवढेच हवे आहे.

## महास्फोट नेमका कुठे झाला?

‘स्फोट’ या शब्दाने मोठा गैरसमज केला आहे. एखाद्या जागी बॉम्ब फुटावा आणि तुकडे रिकाम्या जागेत उडावेत, तसे काही झाले नाही. तीळ मिसळलेले ढोकळ्याचे पीठ वाफेवर फुगत असताना कोणत्याही तिळावर बसून पाहिले, तर बाकीचे सगळे तीळ दूर जाताना दिसतील, आणि दुप्पट अंतरावरचा तीळ दुप्पट वेगाने दूर जाताना दिसेल. तीळ पिठातून पळत नाहीत, मधले पीठच वाढते. दीर्घिकांचे असेच आहे. ढोकळ्याला थाळीची कड असते आणि विश्वाला तशी कड आढळलेली नाही, तेव्हा उपमा इथेच सोडून द्यावी. महास्फोट ‘कुठे’ झाला याचे उत्तर ‘सर्वत्र’ असे आहे. जिथे आज पुणे आहे तिथेही झाला.

## तिथे पाहायला कोण होते?

प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो, म्हणून दूरचे पाहणे म्हणजे जुने पाहणे. मात्र या पाहण्याला एक मर्यादा आहे. पावसाळ्यात सिंहगडावर दाट धुके उतरले की समोरचा दिवा दिसत नाही, कारण त्याचा प्रकाश पाण्याच्या कणाकणावर आपटून विखुरतो. आपल्या डोळ्यांत जो पांढरा उजेड येतो, तो अखेरच्या थेंबावर आपटून आलेला असतो. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे होईपर्यंत असेच धुक्याने भरलेले होते. सुटे इलेक्ट्रॉन प्रकाशाला सरळ जाऊच देत नव्हते. तापमान सुमारे ३००० अंशांपर्यंत उतरल्यावर इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांभोवती स्थिरावले, धुके निवळले आणि प्रकाश मोकळा झाला.

तो प्रकाश आजही सर्व दिशांनी येतो आहे. राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हरमन यांनी १९४८ मध्ये हा प्रकाश विश्वाबरोबर निवत आलेले प्रारण म्हणून आज निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य असलेल्या सर्वांत कमी तापमानाच्या, ५ अंश वर असावा, असा अंदाज वर्तवला होता. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांच्या अँटेनात सर्व दिशांनी सारखीच येणारी एक अनाकलनीय खरखर आढळली, ती हीच. आज मोजलेले तिचे तापमान निरपेक्ष शून्याच्या २.७ अंश वर आहे. या प्रारणाला ‘पार्श्वभूमी प्रारण’ म्हणतात. म्हणजे त्या काळाचे साक्षीदार आहेत, आणि ते दर घनसेंटिमीटरला सुमारे ४०० प्रकाशकण एवढ्या संख्येने आपल्या अवतीभोवती आहेत.

धुके निवळल्यापासून पहिले तारे पेटेपर्यंतचा काळ अंधाराचा होता. त्या काळातील व त्यानंतर लगेचच्या हायड्रोजनचा क्षीण रेडिओ संकेत पकडण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. खोडदच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनीही तो शोधला आहे. संकेत सापडलेला नाही, पण तो जास्तीत जास्त केवढा असू शकतो याची मर्यादा त्या शोधातून मिळाली.

धुक्याच्या पलीकडचा प्रकाश मात्र आपल्यापर्यंत येणार नाही. पहिल्या सेकंदाविषयी, पहिल्या वीस मिनिटांविषयी काही जाणायचे, तर प्रकाश सोडून तिथून उरलेल्या वस्तूंकडे वळावे लागते.

## हेलियमचा हिशेब

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा भारतावरून गेला होता. त्या वर्षी सूर्याच्या वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेषा नोंदली गेली आणि नॉर्मन लॉकियर यांनी ती नव्या मूलद्रव्याची मानली. तेच हेलियम. पृथ्वीवर ते सापडायला १८९५ साल उजाडले. (फुग्यांत भरतात तो हेलियम विश्वारंभाचा नव्हे, तो जमिनीतील युरेनियम आणि थोरियम यांच्या ऱ्हासातून तयार झालेला असतो.) विश्वात मात्र कुठेही पाहिले, तरी साध्या द्रव्याच्या वजनात हेलियमचा वाटा किमान २४-२५ टक्के आढळतो. ज्या छोट्या दीर्घिकांत तारे फार कमी वेळा जन्मले आणि मेले, तिथेही तो याखाली जात नाही. आजवरच्या सर्व ताऱ्यांनी मिळून केलेला हेलियम फार तर काही टक्के भरेल. मग बाकीचा आला कुठून?

एक सेकंदापूर्वीच्या दाटीत न्यूट्रिनो नावाचे अत्यंत हलके कण प्रोटॉन-न्यूट्रॉनांवर सतत आदळत होते आणि त्यामुळे न्यूट्रॉनचा प्रोटॉन, प्रोटॉनचा न्यूट्रॉन असा अखंड बदल चालू होता. अनंत चतुर्दशीच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर दर पावलाला कुणाशी तरी धक्का होतो. पहाटे गर्दी पांगली, की ओळखीचा माणूस समोरच्या पदपथावर असला तरी गाठ पडत नाही. विश्व पसरत गेले तशी ही गर्दी पांगली आणि साधारण एका सेकंदाच्या सुमारास ही अदलाबदल थांबली. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा किंचित जड असल्याने तो बनवणे महाग पडते, म्हणून तोपर्यंत त्यांचे प्रमाण सहा प्रोटॉनांमागे एक न्यूट्रॉन एवढे उतरले होते.

आता न्यूट्रॉन-प्रोटॉनची जोडी जुळून आधी जड हायड्रोजन आणि मग हेलियम व्हायला हवा. पण दूध फार गरम असताना विरजण लावले तर दही लागत नाही, आणि गार झाल्यावर लावले तरी नीट लागत नाही. इथेही तसेच. एकेका प्रोटॉन वा न्यूट्रॉनमागे दीड अब्जाहून अधिक प्रकाशकण होते, आणि त्यातले मोजके ऊर्जावान कणसुद्धा नवी जोडी जुळताक्षणी फोडायला पुरेसे होते. सुमारे तीन मिनिटांनी, तापमान १०० कोटी अंशांपर्यंत उतरल्यावर, जोड्या टिकू लागल्या. वीसेक मिनिटांनी विश्व इतके विरळ आणि थंड झाले, की हे काम थांबले. मधल्या प्रतीक्षेत काही न्यूट्रॉन आपोआप मोडले, कारण मोकळा न्यूट्रॉन सरासरी सुमारे ८८० सेकंदच टिकतो. त्यामुळे प्रमाण सातास एक झाले.

पुढचा हिशेब पाटीवर करता येईल. सोळा कण घ्या: चौदा प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन. दोन न्यूट्रॉन आणि दोन प्रोटॉन मिळून एक हेलियम केंद्र होते, बारा प्रोटॉन हायड्रोजन म्हणून उरतात. सोळांतले चार, म्हणजे २५ टक्के. आकाशात जे मोजले जाते ते हेच. या हिशेबात कणांविषयी वापरलेला प्रत्येक आकडा, न्यूट्रॉनचे वजन, त्याचे आयुष्य, अणुकेंद्रे जुळण्याचा वेग, पृथ्वीवरच्या प्रयोगशाळांत मोजलेला आहे. पाच किंवा आठ कणांचे स्थिर केंद्र निसर्गात नाही, म्हणून हे काम हेलियमपाशी आणि चिमूटभर लिथियमपाशी अडले. कार्बन, ऑक्सिजन, लोखंड यांना ताऱ्यांची वाट पाहावी लागली.

## पाण्याची टाकी आणि तीन नळ

आता त्या तीन आकड्याकडे येऊ. न्यूट्रिनोच्या जाती किती, हे १९७० च्या दशकात कणभौतिकीला ठाऊक नव्हते. दोन ज्ञात होत्या, तिसरीची चाहूल लागली होती, पण पाच किंवा दहा असू नयेत असे सांगणारा नियम नव्हता. खगोलभौतिकीने इथे मर्यादा घातली. जाती जास्त असतील, तर सुरुवातीच्या विश्वात ऊर्जा जास्त भरलेली असेल आणि विश्व अधिक वेगाने पसरेल.

इथे चौकस वाचक अडतील, की जास्त ऊर्जा म्हणजे जास्त गुरुत्वाकर्षण, मग प्रसरण मंद व्हायला नको का? एखाद्या जड ग्रहावरून सुटून निघालेली वस्तू आठवावी. हलक्या ग्रहापेक्षा जड ग्रहावरून सुटायला वेग जास्तच लागतो. तसेच, एखाद्या ठरावीक तापमानापर्यंत पसरून आलेले विश्व जितके भरलेले, तितका त्या क्षणी त्याचा वेग अधिक असतो. वेग अधिक, म्हणजे गर्दी लवकर पांगणार, न्यूट्रॉन जास्त शिल्लक राहणार आणि हेलियम वाढणार. एक जात वाढली, तर हेलियमचा वाटा सुमारे सव्वा टक्क्याने वाढतो. १९७७ मध्ये गॅरी स्टाइगमन, डेव्हिड श्रॅम आणि जेम्स गन यांनी या युक्तिवादातून न्यूट्रिनोच्या जातींना वरची मर्यादा घातली आणि पुढच्या दशकात हेलियमची मोजमापे सुधारत गेली, तशी ती तीन, फार तर चार, इथवर आली. दूरच्या वायुमेघांकडे पाहून कुणी मूलकणांच्या जाती मोजाव्यात, हे तेव्हा अनेकांना धाडसाचे वाटले असेल.

१९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या लेप या कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रात ‘झेड’ नावाचे जड कण मोठ्या संख्येने तयार होऊ लागले. झेड क्षणार्धात इतर कणांत मोडतो, आणि न्यूट्रिनोची प्रत्येक जात ही त्याच्या मोडण्याची एक वाट असते. न्यूट्रिनो उपकरणांत दिसत नाहीत. पण सोसायटीच्या गच्चीवरील टाकी किती वेगाने रिकामी होते हे पाहून, कुणाच्याही घरात न शिरता, किती नळ उघडे आहेत ते ताडता येते. झेड किती लवकर संपतो यावरून तसेच वाटांची संख्या काढली गेली. उत्तर आले तीन, आणि चूक एका टक्क्याहूनही कमी. वर्षानुवर्षे दुर्बिणींतून हेलियम मोजणाऱ्यांनी त्या यंत्राला हात लावला नव्हता, आणि ते यंत्र चालवणाऱ्यांना हेलियमशी कर्तव्य नव्हते. (हा निकाल साध्या, हलक्या न्यूट्रिनोंपुरता आहे. झेडशी संबंधच न ठेवणारी एखादी जात असू शकते का, याचा शोध चालू आहे.)

जड हायड्रोजनचीही अशीच साक्ष आहे. दूरच्या क्वासारचा, म्हणजे अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्राचा, प्रकाश मधल्या वायुमेघांतून येताना जे शोषले जाते, त्यावरून दहा लाख हायड्रोजन अणूंमागे सुमारे २५ जड हायड्रोजन, असे प्रमाण मिळते. साधे द्रव्य विश्वात किती, याचा हिशेब त्यातून निघतो, आणि पार्श्वभूमी प्रारणातील सूक्ष्म चढउतारांवरून स्वतंत्रपणे काढलेला आकडाही त्याच्याशी जुळतो. एक साक्ष वीस मिनिटांच्या आतली आहे, दुसरी ३ लाख ८० हजार वर्षांनंतरची.

## मग नारळीकर सर का मानत नव्हते?

पुण्यात हा प्रश्न टाळता येत नाही आणि टाळूही नये. आयुकाचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांनी २० मे २०२५ रोजी निधन होईपर्यंत महास्फोट सिद्धान्तावरील आपले आक्षेप सोडले नाहीत. फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये ‘अर्ध-स्थिर स्थिती’चा, म्हणजे विश्वाला एकच आरंभ न मानणारा, पर्यायी सिद्धान्त मांडला. त्यांची तक्रार अशी होती, की प्रयोगात न सापडलेले कण आणि न तपासलेल्या कल्पना यांच्या आधारावर बहुतेक शास्त्रज्ञ एकाच चित्राला फार लवकर चिकटले. शास्त्रात हा आक्षेप मोलाचा असतो, आणि पर्यायी मांडणीसह घेतलेला आक्षेप तर अधिकच.

तरीही माझे मत बहुसंख्य शास्त्रज्ञांच्या बाजूने आहे. पार्श्वभूमी प्रारणातील चढउतारांचा तपशीलवार आकृतिबंध आणि हेलियम-जड हायड्रोजनचे जुळणारे आकडे पर्यायी मांडणीत तितक्या सहजतेने येत नाहीत. इथे हॉइल यांच्याविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘बिग बँग’ (महास्फोट) हे नाव १९४९ च्या एका रेडिओ भाषणात त्यांनीच, सिद्धान्त नाकारताना, वापरले. आणि विश्वातील हेलियम साध्या ताऱ्यांतून आलेला नसून अतितप्त अवस्थेतून आलेला असावा, हा १९६४ चा महत्त्वाचा निबंधही त्यांनी रॉजर टेलर यांच्यासह लिहिला. विरोध कायम ठेवून त्यांनी विरुद्ध बाजूचे गणित प्रामाणिकपणे केले, याचा मला फार आदर वाटतो.

वेब दुर्बिणीविषयीच्या संदेशांचे उत्तरही इथेच देऊन टाकतो. तिला आरंभीच्या दीर्घिका अपेक्षेहून तेजस्वी आढळल्या, हे खरे आहे. त्या दीर्घिका महास्फोटानंतर सुमारे ३० ते ५० कोटी वर्षांनंतरच्या आहेत. त्या इतक्या झपाट्याने कशा वाढल्या हा खरा प्रश्न आहे, पण पहिल्या वीस मिनिटांच्या हिशेबाला त्याने धक्का लागत नाही.

## पंचाण्णव टक्के ठाऊकच नाही, मग?

साधे द्रव्य विश्वाच्या एकूण ऊर्जेत सुमारे ५ टक्के आहे. सुमारे २७ टक्के कृष्णद्रव्य, म्हणजे प्रकाश न देणारे पण गुरुत्वाकर्षणाने जाणवणारे द्रव्य, आणि उरलेली कृष्ण ऊर्जा, जिच्यामुळे प्रसरण वेगावत आहे. ही दोन्ही नावे आपल्या अज्ञानाला दिलेली आहेत. कृष्णद्रव्याचा कण शोधण्याचे प्रयोग दशकानुदशके चालू आहेत आणि तो सापडलेला नाही.

याने पाच टक्क्यांविषयीचे ज्ञान मोडीत निघत नाही, पण त्यातही गाठी आहेत, आणि त्या लपवणे योग्य होणार नाही. जुन्या ताऱ्यांत लिथियम अपेक्षेच्या सुमारे एक-तृतीयांशच आढळतो. तो ताऱ्यांतच नष्ट होतो, की हिशेबात काही राहून गेले आहे, यावर एकमत नाही. न्यूट्रॉनचे आयुष्य दोन पद्धतींनी मोजले, तर उत्तरांत सुमारे १० सेकंदांचा फरक पडतो. आणि एक सेकंदाच्याही बरेच आधी, म्हणजे सेकंदाच्या एक लक्षकोटीव्या भागापर्यंत, प्रयोग आपल्याला कसेबसे नेतात. त्याच्या पलीकडे, विश्व एका झटक्यात प्रचंड फुगले या कल्पनेसह, जे सांगितले जाते, त्याला प्रयोगाचा थेट आधार नाही. आरंभाच्या क्षणाचे तर गणितही आज कोणाकडे नाही.

## एक अब्जामागे एक

प्रयोगशाळेत ऊर्जेतून कण निर्माण होतो, तेव्हा सोबत त्याचा प्रतिकणही निर्माण होतो, आणि दोघे भेटले की नष्ट होऊन प्रकाश उरतो. सुरुवातीला दोन्ही सारखेच असते, तर सगळे एकमेकांत विरून केवळ प्रकाश राहिला असता. आज एका प्रोटॉनमागे दीड अब्जाहून अधिक प्रकाशकण दिसतात, यावरून अंदाज बांधता येतो, की साधारण एक अब्ज प्रतिकणांमागे एक अब्ज एक कण होते. अब्जावधी जोड्या विझल्या आणि तो वरचा एक उरला.

हा पक्षपात कुठून आला, हे ठरवायला पुन्हा दोन्ही शास्त्रे लागतात. किती उरले ते आकाश सांगते, का उरले ते कणांनी सांगायचे आहे. आन्द्रेई साखारोव यांनी १९६७ मध्ये त्यासाठी लागणाऱ्या अटी मांडल्या, त्यांपैकी एक अशी, की कण आणि प्रतिकण यांच्या वर्तनात मुळातच थोडा फरक हवा. असा फरक १९६४ मध्ये एका प्रकारच्या कणांत सापडला होता. मार्च २०२५ मध्ये जिनिव्हाच्या एलएचसीबी प्रयोगाने तो प्रथमच बॅरिऑन या गटात, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्या गटात मोडतात त्या गटातील एका जड कणात, दाखवला. पण ज्ञात नियमांत बसणारा हा फरक विश्वातील सगळे द्रव्य शिल्लक ठेवायला फारच अपुरा पडतो. उरलेले कारण कोणते, हे अजून सापडायचे आहे, आणि तोवर समोरच्या ग्लासातील प्रत्येक प्रोटॉन टिकून का राहिला, याचे उत्तर अपुरेच आहे.